जुन्या पानांचे फोटो: ग्रंथालयात फोन कसा वापरावा आणि घरी आल्यावर मजकूर कसा सापडवावा

पीएचडी करणारी विद्यार्थिनी असो, गावाचा इतिहास लिहायला घेतलेले निवृत्त शिक्षक असोत किंवा पणजोबांची पत्रे जपू पाहणारे एखादे घर, आता सगळ्यांचे पहिले साधन फोनचा कॅमेरा हेच आहे. पूर्वी हाताने उतरवून घ्यायला आठवडे लागत तेवढा मजकूर एका दिवसात फोनमध्ये येतो. अडचण पुढे येते. सहा महिन्यांनी प्रकरण लिहायला बसावे तर गॅलरीत पिवळट पानांचे शेकडो फोटो असतात, आणि कुठले पान कुठल्या दप्तरातले हे कळायला मार्ग नसतो. ज्या फोटोवरून तळटीप लिहिता येत नाही तो अभ्यासकाच्या उपयोगाचा नाही. म्हणून इथे फोटो काढण्याइतकेच नोंदीबद्दलही लिहिले आहे.

निघण्याआधी

हवे ते पुस्तक आधीच कोणी स्कॅन केले आहे का, ते पाहून घ्या. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ प्रकल्पातली असंख्य जुनी मराठी पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवर मोफत आहेत. तिथे शोधताना नाव देवनागरीत टाकून थांबू नका. पुष्कळ नोंदी रोमन लिपीत, ज्याने टंकले त्याच्या कानाला जसे वाटले तशा केलेल्या आहेत. ‘चरित्र’ हा एकच शब्द दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने शोधावा लागतो. लेखकाच्या आडनावाने शोधल्यास पुष्कळदा लवकर सापडते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच प्रकाशने संकेतस्थळावर खुली केली आहेत, आणि प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचा ‘शोधगंगा’ संग्रह आहे.

तिथे नसेल तर ग्रंथालय गाठायचे, पण आधी परवानगीचे विचारून. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर संस्था, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, शासनाचे पुराभिलेख विभाग अशा प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असू शकतात. कुठे फोटोला परवानगी मिळते, कुठे पानामागे शुल्क पडते, तर कुठे संस्था स्वतःच स्कॅन करून देते. मार्गदर्शकांचे किंवा महाविद्यालयाचे पत्र जवळ असले की काम सोपे होते. कायद्याचेही थोडे माहीत असावे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये संशोधनासह खासगी वापरासाठी रास्त प्रमाणात नक्कल करायला मुभा आहे. याचा अर्थ कालच प्रकाशित झालेली कादंबरी सबंध फोटो काढून ग्रुपवर टाकावी असा होत नाही. पुस्तकाचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो.

फोनमध्ये जागा करा. १२ मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा होतो, म्हणजे चारशे पानांना दोन जीबीच्या आसपास जागा लागते. आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधल्या ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा, म्हणजे फोटो जेपेग स्वरूपात येतील आणि कुठल्याही संगणकावर उघडतील. पॉवर बँक घ्या, लेन्स मऊ कापडाने पुसा. कामाला बसल्यावर फोन एअरप्लेन मोडवर ठेवा.

टेबलापाशी

पहिला फोटो पानाचा काढायचा नाही, चिठ्ठीचा काढायचा. कोऱ्या कागदावर पेन्सिलीने ठळक लिहा: संस्थेचे नाव, दप्तर किंवा रुमाल क्रमांक, फाइल किंवा पुस्तकाचा दाखल क्रमांक, आजची तारीख. पेशवे दप्तरासारखी कागदपत्रे रुमालात बांधलेली असतात आणि त्या रुमालाचा क्रमांक हाच कागदाचा पत्ता असतो. रुमाल बदलला की नवी चिठ्ठी, नवा फोटो. पुस्तक असेल तर मुखपृष्ठ, आतले शीर्षकपान आणि त्यामागचे प्रकाशक, आवृत्ती, वर्ष असलेले पान हे तीन फोटो आधी काढा. नियतकालिक असेल तर अंकाचे शीर्षकपान. पान क्रमांक कापला जाणार नाही याकडे लक्ष ठेवा. सुट्या कागदांवर क्रमांक नसेल तर चिठ्ठीचा तुकडा कागदाशेजारी ठेवूनच फोटो घ्या. कागदावर स्वतः काहीही लिहायचे नाही. हे सगळे करायला रुमालामागे मिनिटभर लागते.

आता स्पष्टतेचा हिशेब. छापील मजकूर यंत्राने वाचायचा असेल तर इंचाला सुमारे ३०० ठिपके असावेत असा संकेत आहे. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू ४००० ठिपक्यांची असते. ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर लांब, म्हणून चौकटभर घेतल्यास इंचाला साधारण ३४० ठिपके मिळतात. एवढे पुरेसे आहेत. पण वर्तमानपत्राचे पूर्ण पान ५५ सेंटिमीटरच्या आसपास असते. ते एका फोटोत घेतले तर ठिपके १८५वर येतात आणि बारीक टाइप फुटतो. वर्तमानपत्र चार भागांत घ्या आणि प्रत्येक भागात शेजारच्या भागाच्या दोन-तीन ओळी येऊ द्या. पुस्तकाची समोरासमोरची दोन पाने एका फोटोत घेतली तर डोळ्यांनी वाचायला चालतात, पण मधल्या शिवणीपाशी ओळी वाकतात आणि यंत्र दोन्ही पानांच्या ओळी एकमेकींत मिसळते. मजकूर काढायचा असेल तर एक फोटो, एक पान.

फोन पानाला समांतर हवा. कॅमेऱ्यात ग्रिड सुरू करा. आयफोनमध्ये आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ‘लेव्हल’ची सोय आहे: फोन सरळ खाली रोखला की पडद्यावर दोन खुणा दिसतात, त्या एकावर एक आल्या की फोन आडवा-तिरका नाही असे समजावे. पानाच्या फार जवळ जाऊ नका. काही फोन जवळ गेल्यावर आपोआप रुंद लेन्सवर जातात आणि कडेची अक्षरे ताणली जातात. मॅक्रो (अगदी जवळून काढण्याची सोय) बंद ठेवून थोडे लांबून, मुख्य लेन्सने काढा. पडद्यावर बोट दाबून धरले की फोकस आणि उजेड तिथेच कायम राहतो. एकाच पुस्तकाची पाने एकामागून एक काढताना याने वेळ वाचतो.

फ्लॅश कायम बंद. त्याने चकाकीचा पांढरा डाग पडतो, शेजारच्या वाचकांना त्रास होतो आणि बहुतेक संस्थांत त्याला मनाईच असते. खिडकीचा उजेड डाव्या-उजव्या अंगाने येईल असे बसा, पाठीमागून आला तर स्वतःचीच सावली पानावर पडते. जुन्या ट्यूबलाइटखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, हे त्याचे कारण. ‘प्रो’ मोडमध्ये शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवला की पट्टे जातात. हात थरथरत असेल तर वायरच्या इयरफोनचे आवाजाचे बटण बहुतेक फोनवर शटर म्हणून चालते.

जुन्या पुस्तकाची पाठ सपाट करायला दाब देऊ नका. शिवण एकदा उसवली की पुढच्या वाचकाला ते पुस्तक मिळेलच असे नाही. नव्वद-शंभर अंशांत उघडून एका बाजूला दुसऱ्या पुस्तकाचा आधार द्या आणि आधी सगळी उजवी पाने, मग सगळी डावी पाने काढा.

स्कॅनिंगच्या ॲपबद्दल माझे मत स्पष्ट आहे: मूळ फोटो साध्या कॅमेऱ्यानेच काढावा. ही ॲप पान कापून, उजळून, काळे-पांढरे करून देतात. बिलासाठी ते ठीक आहे. पण देवनागरीत एका टिंबाने अर्थ बदलतो, आणि फिकट छपाईतला अनुस्वार ‘डाग’ समजून पुसला जातो. समासातली पेन्सिलीची टिपणे, पानामागून उमटलेली शाई, शिक्का हेही सगळे जाते. रंगीत मूळ फोटो हाती असला की उजळणी नंतर कितीही वेळा करता येते. (एके काळी घराघरांत असलेले कॅमस्कॅनर २०२०च्या जूनमध्ये भारतात बंदी घातलेल्या ॲपच्या यादीत होते; जुन्या फोनमध्ये अजून असेल तर त्यातली पाने बाहेर काढून ठेवा.)

रुमाल परत करण्याआधी दर वीस-पंचवीस फोटोंमागे एखादा मोठा करून पाहा. पुसट फोटो तिथेच पुन्हा काढता येतो.

त्याच संध्याकाळी

फोटो व्हॉट्सॲपवरून स्वतःला पाठवू नका. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो. अगदीच नाइलाज असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. सर्वांत उत्तम म्हणजे केबल लावून संगणकावर उतरवणे. गूगल फोटोजमध्ये ठेवत असाल तर ‘ओरिजिनल क्वालिटी’ निवडा आणि मोफत जागा १५ जीबी असून ती जीमेल व ड्राइव्हसह सगळ्यांत मिळून आहे, हे ध्यानात असू द्या. एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक ड्राइव्हवर. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा.

प्रत्येक रुमालाचा वेगळा फोल्डर करा. फाइलच्या नावात आधी संस्थेचे लघुरूप, मग रुमाल क्रमांक, मग पान, आणि पान तीन आकडी: ००१, ००२, ०१०. शून्ये दिली नाहीत तर संगणक १ नंतर १० आणि मग २ लावू शकतो. फाइलचे नाव रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता द्यावे. झिप करून पाठवताना देवनागरी नावांचा काही संगणकांवर अजूनही चुराडा होतो. शेकडो नावे हाताने बदलू नका. विंडोजमध्ये सगळ्या फाइल निवडून एफ-टू दाबा आणि नाव टंका, की त्या नावापुढे (1), (2) असे क्रमांक एकदम पडतात; पुढची शून्ये मात्र त्यात येत नाहीत.

फोटो खूप असतील तर ‘ट्रॉपी’ वापरा. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या रॉय रोझेनझ्वाइग केंद्रात ते खास संशोधकांच्या फोटोंसाठी तयार झाले, मोफत आहे आणि संगणकावर चालते. एका पत्राची चार पाने एकत्र बांधून त्यावर लेखक, तारीख, दप्तर लिहिता येते. पुस्तके आणि लेख यांच्या संदर्भसूचीसाठी त्याच केंद्रात २००६ साली सुरू झालेले ‘झोटेरो’ आहे. त्यात आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) टाकला की पुस्तकाची नोंद आपोआप येते. मराठी पुस्तकांची मात्र रोमनमध्ये किंवा अर्धवट येते, ती देवनागरीत नीट करून घ्यावी आणि आडनाव आडनावाच्याच रकान्यात आहे ना ते पाहावे. झोटेरोची मोफत साठवण ३०० एमबीच आहे, तेव्हा फोटो त्यात भरू नका.

फोटोतून मजकूर

एखादा परिच्छेद हवा असेल तर गूगल लेन्स पुरते: फोटो उघडा, मजकूर निवडा, कॉपी करा. सबंध पान हवे असेल तर फोटो ड्राइव्हवर चढवा, संगणकावर त्यावर उजवी क्लिक करून ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्स निवडा. वर फोटो आणि खाली मजकूर अशी फाइल तयार होते. यासाठी फोटो २ एमबीपेक्षा लहान आणि सरळ उभा असावा, म्हणून छोटी केलेली प्रत वापरा. मूळ प्रतीला हात लावू नका. दोन रकान्यांचे पान आधी रकान्यांत कापून घ्या. शेकडो पाने असतील, आणि संगणकाची थोडी सवय असेल, तर ‘टेसरॅक्ट’ हे मोफत साधन शिकण्यासारखे आहे. त्यासाठी मराठीचा भाषासंच वेगळा उतरवून घ्यावा लागतो.

मिळालेला मजकूर वाचल्याशिवाय वापरायचा नाही. यंत्र कुठे चुकते ते ठरलेले असते: ‘ख’चे ‘रव’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’, आणि गळालेले अनुस्वार. आकड्यांत १ आणि ९ तपासाच, कारण तिथे शतक चुकू शकते. मोडी लिपीसाठी या साधनांचा उपयोग नाही. मोडी वाचता येत असेल तर घरी बसून कागद मोठ्याने वाचा आणि गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डच्या मराठी व्हॉइस टायपिंगला लिहू द्या. टंकण्यापेक्षा हे पुष्कळ वेगाने होते. नावे आणि गावे तेवढी हाताने दुरुस्त करा.

शोधताना

इथे पुष्कळांची निराशा होते. मजकूर आहे, शब्दही आहे, पण शोध रिकामा येतो. कारण शुद्धलेखन. शासनाने १९६२मध्ये मान्य केलेल्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत ‘केलें’, ‘नांव’, ‘शाळेंत’ असेच दिसणार. तेव्हा ‘शाळेत’ शोधून थांबू नका, ‘शाळ’ एवढेच शोधा. विभक्ती आणि अनुस्वार दोन्ही पुष्कळदा शेवटाकडे असतात, म्हणून शब्दाचा सुरुवातीचा भाग शोधला की बहुतेक रूपे सापडतात. वर्ष देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन्ही आकड्यांत शोधा.

जुन्या पानावर इसवी सन नसून शकाचे वर्ष असेल तर त्यात ७८ मिळवा, पण महिना बघून. शक चैत्र पाडव्याला बदलतो, म्हणून शके १८४२चा चैत्र १९२० सालात येतो आणि त्याच शकाचा माघ १९२१मध्ये. पेशवेकालीन कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत येतो: ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७०. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते. तिथून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे, म्हणून हे साल १७६९-७० ठरते. टिपणात मूळ कालगणना जशीच्या तशी लिहा आणि काढलेला इसवी सन शेजारी कंसात ठेवा. पुढे एखाद्या महिन्यावरून शंका आली तर हिशेब पुन्हा तपासता येतो.