इंग्रजी शब्दांचे सिलॅबल कसे पाडावेत?

इंग्रजी शब्दाचे सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे, पाडताना स्वरांची अक्षरे न मोजता कानाला ऐकू येणारे स्वर मोजावेत, कारण जितके स्वर उच्चारले जातात तितकेच सिलॅबल त्या शब्दात असतात. 'केक'च्या स्पेलिंगमधला शेवटचा 'ई' मूक असल्यामुळे तेथे सिलॅबल एकच, आणि आठ अक्षरांच्या 'स्ट्रेंग्थ'मध्येही एकच. भूतकाळी 'ईडी' हा प्रत्यय मूळ शब्दाच्या शेवटी 'ट' किंवा 'ड' हा ध्वनी असेल तेव्हाच नवा सिलॅबल निर्माण करतो. म्हणून 'वॉण्टेड'मध्ये दोन, पण 'वॉक्ड'मध्ये एकच, आणि 'वॉकेड' हा आपल्याकडे सर्रास ऐकू येणारा उच्चार चुकीचा.

दोन स्वरांच्या मध्ये दोन व्यंजने आली तर बहुधा त्यांच्या मधोमध तोडावे: नॅप-किन, रॅब-बिट. मराठीत 'डब्बा' म्हणताना 'ब' दुप्पट ऐकू येतो, तसा 'रॅबिट'मध्ये येत नाही. ही फोड केवळ स्पेलिंगसाठी आहे. 'टीएच', 'एसएच' यांसारख्या जोड्या एकच ध्वनी दाखवतात, म्हणून त्या तोडू नयेत.

मध्ये एकच व्यंजन असेल तर ते आधी पुढच्या सिलॅबलला देऊन पाहावे. मागचा सिलॅबल स्वरावर संपला की तो स्वर सहसा दीर्घ उच्चारला जातो: टाय-गर, म्यू-झिक. अशाने ओळखीचा शब्द तयार झाला नाही, तर व्यंजन मागे घ्यावे: कॅब-इन, सेव्ह-अन. येथे खात्रीचा नियम नाही, शब्दकोश पाहावाच लागतो.

स्पेलिंगला या फोडीचा खरा उपयोग होतो तो व्यंजन एकदा लिहायचे की दोनदा, हे ठरवताना. 'डिनर'मधला पहिला स्वर ऱ्हस्व आहे, म्हणून तो सिलॅबल 'एन'ने बंद होतो आणि दुसरा 'एन' पुढे येतो. 'डायनर'मध्ये मात्र पहिला सिलॅबल 'आय'वरच संपतो, त्यामुळे 'एन' एकच. 'हॉप'चे 'हॉपिंग' करताना 'पी' दोनदा येतो आणि 'होप'चे 'होपिंग' करताना एकदाच, त्याचे कारणही हेच. शेवटी 'एलई' असेल तर आधीचे व्यंजन त्याच्याबरोबर जाते: 'टेबल'मध्ये 'टीए' आणि 'बीएलई', तर 'लिटल'मध्ये 'एलआयटी' आणि 'टीएलई'.

उच्चारासाठी मात्र फोडीइतकाच आघातही, म्हणजे एखाद्या सिलॅबलवर दिला जाणारा जोरही, महत्त्वाचा आहे. 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्या सिलॅबलवर असतो, 'फटॉग्रफी'मध्ये दुसऱ्यावर सरकतो आणि पहिला 'फो' आखडून जवळजवळ 'फ' होतो. शब्दकोशातील उच्चारलेखनात ज्या सिलॅबलआधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते, त्यावर मुख्य आघात द्यावा.