केनायच्या रस्त्यावर प्राणी बघायचेत? मग आधी भरतीची वेळ बघा

अलास्कातल्या अँकरेजहून केनाय द्वीपकल्पाकडे गाडीने निघालेले ओळखीचे लोक आपला बेत मला दाखवतात. त्यात मैल असतात, हॉटेलं असतात, ‘इथून तिथवर अडीच तास’ असे हिशेब असतात. रस्ता डांबरी आणि चांगला आहे, त्यामुळे हिशेब बरोबरही निघतात. पण परत आल्यावर तक्रार एकच, प्राणी फारसे दिसले नाहीत. दिसणार कसे? इथलं सगळं पाण्याच्या चालीवर चालतं. भरतीबरोबर सॅमन मासे आत येतात, त्यांच्यामागे बेलुगा देवमासे येतात. नदीत चढलेल्या सॅमनमागे अस्वलं येतात, आणि उरलंसुरलं खायला गरुड आणि सीगल. म्हणून माझं सांगणं असतं की नकाशा नंतर उघडा, आधी भरती-ओहोटीचं कोष्टक काढा.

अमेरिकी सरकारच्या ‘नोआ’ या संस्थेच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. टर्नअगेन आर्म या खाडीसाठी अँकरेजचं कोष्टक घ्या, द्वीपकल्पाच्या टोकाला असलेल्या होमर गावासाठी सेल्डोव्हियाचं. छापूनच घ्या, कारण वाटेत मोबाइलची रेंज जाते अशा जागा पुष्कळ आहेत. मग त्या वेळांभोवती दिवस बसवा आणि हॉटेलं सगळ्यात शेवटी.

महिना कोणता? माझं मत ऑगस्टचा पहिला पंधरवडा. जूनमध्ये एकोणीस तासांच्या आसपास दिवस असतो, म्हणून बरेच जण जून निवडतात. पण तेव्हा टर्नअगेनमध्ये बेलुगा क्वचितच असतात. ऑगस्टमध्ये बेलुगा यायला लागलेले असतात, रशियन नदीत सॅमनची दुसरी खेप चढत असते आणि पफिन पक्षी अजून कड्यांवर असतात. सप्टेंबर उजाडला की पफिन समुद्रात निघून जातात. किनाऱ्यावरचे स्थलांतरित पक्षी हेच तुमचं वेड असेल तर मात्र मेचा पहिला आठवडा गाठा आणि थेट होमरला जा.

अँकरेज ते स्युअर्ड १२७ मैल, अँकरेज ते होमर सव्वादोनशेच्या आसपास. दोन्ही करायचं तर आठवडा हाताशी ठेवा. स्युअर्ड हायवेवरचे मैलांचे आकडे स्युअर्डपासून सुरू होतात, म्हणजे अँकरेजहून जाताना ते उतरत जातात. इथे पत्तासुद्धा ‘मैल अमुक’ असाच सांगतात. दिवसाही गाडीचे दिवे लावायचे. तुमच्यामागे पाच गाड्या साचल्या तर बाजूला घेऊन त्यांना वाट देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि प्राणी शोधत हळू चालवणाऱ्यांवर ही वेळ हमखास येते. अँकरेजनंतरच्या पट्ट्यात दंड दुप्पट आहे, कारण तिथे अपघात फार होत. पेट्रोल गर्डवुडला भरून घ्या. गाडी भाड्याची असेल तर खडीच्या रस्त्यावर नेता येते का, ते करारात आधी वाचा. पुढे एका ठिकाणी लागेल.

शहर सुटता सुटता पॉटर मार्श लागतं. रेल्वेचा बांध घातल्यामुळे इथे पाणी अडलं आणि ही दलदल तयार झाली. त्यावर लाकडी पूल बांधलाय, एकही पायरी चढावी लागत नाही. आमच्या गाडीत माझी आई होती, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी बेजार. तिला हा पूल इतका आवडला की पुढच्या प्रत्येक ठिकाणी तिने ‘पॉटरसारखा पूल आहे का?’ असं विचारलं. जुलैअखेर पुलाखालच्या झऱ्यात सॅमन दिसतात. गवतात कुठेतरी मूस, म्हणजे इथलं थोराड हरीणही उभं असतं.

आता टर्नअगेन आर्म. घाई करायची नाही अशी ही जागा आहे. अँकरेजला भरती-ओहोटीतला फरक नऊ मीटरच्या घरात जातो. एवढं पाणी अरुंद खाडीत घुसतं तेव्हा कधी कधी त्याची एक सलग भिंत होऊन आत सरकते. तिला ‘बोअर टाइड’ म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती चांगली दिसते. कोष्टकात ओहोटी आणि भरती यांत २७ फुटांच्या वर फरक असेल तो दिवस धरा. अँकरेजच्या ओहोटीनंतर साधारण सव्वा तासाने ती बेलुगा पॉइंटला पोचते, आणि बर्ड पॉइंटला आणखी तासाभराने. म्हणजे एकीकडे बघून गाडीने पुढे जाऊन तीच लाट पुन्हा बघता येते.

लाट गेली की बहुतेक लोक गाडीत बसून निघून जातात. तुम्ही थांबा. बेलुगा चढत्या पाण्याबरोबर आत येतात, त्यामुळे खरा कार्यक्रम त्यानंतर असतो. बेलुगा पॉइंट ११० व्या मैलावर आहे, गाड्या लावायला जागा आहे, वर दुर्बिणी बसवल्यात. राखाडी पाण्यावर वाऱ्याने पांढरे फेस उठत असतात आणि नवख्याला प्रत्येक फेस बेलुगा वाटतो. फरक असा: फेस फुटतो आणि विरतो. बेलुगाची पाठ वर येते, गुळगुळीत, वर पंख नसलेली, क्षणभर पुढे सरकते आणि मग बुडते, आणि काही सेकंदांनी थोडी पुढे पुन्हा तीच पाठ. एका जागी बघत राहिलात तर कळतं. नजर फिरवत बसलात तर फक्त फेस दिसतात. आमच्यात पहिलं आईलाच दिसलं. ‘अगं, तो फेस नाही. बघ, परत आला,’ एवढंच ती म्हणाली आणि बोट तसंच धरून राहिली. पांढऱ्या पाठीला लागून एक करडी, लहान पाठ होती. पिल्लं करडी असतात, वाढता वाढता पांढरी होतात.

ती करडी पाठ बघून मला जे वाटलं त्याला कारण आहे. टर्नअगेन ज्या मोठ्या खाडीचा फाटा आहे त्या कुक इनलेटमधले बेलुगा १९७९ मध्ये सुमारे १,३०० होते. २००८ मध्ये त्यांना धोक्यातली प्रजाती म्हणून संरक्षण मिळालं, आणि २०२२ च्या मोजणीत अंदाज निघाला ३३१ च्या आसपास. तेव्हा त्यांच्यावर ड्रोन उडवू नका.

आणि ओहोटीला उघडी पडलेली जमीन वाळूची वाटली तरी तिच्यावर उतरू नका. तो हिमनद्यांनी दळून आणलेला पिठासारखा गाळ आहे. पाय रुतला की भोवती आवळतो, आणि भरती थांबत नाही. माणसं गेली आहेत इथे. मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका.

थोडं पुढे विंडी कॉर्नरला पांढऱ्या डॉल मेंढ्या कड्यावरून रस्त्यालगत उतरतात. बघायला लोक भर रस्त्यात ब्रेक दाबतात. तुम्ही पुढच्या थांब्यावर गाडी लावा आणि तिथून बघा. पोर्टेजजवळ वाळलेली, करड्या रंगाची झाडं उभी दिसतील. २७ मार्च १९६४ रोजी ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला, इथली जमीन खचली, खारं पाणी मुळांशी आलं आणि झाडं उभ्या जागी मेली. आता त्यांच्या शेंड्यांवर गरुड बसतात, म्हणून दुर्बीण आधी शेंड्यांवर लावा.

३७ व्या मैलावर टर्न लेक. इथे रस्ता फुटतो, सरळ स्युअर्ड, उजवीकडे होमर. तळ्यावर आर्क्टिक टर्न पक्षी घरटी करतात, म्हणून ते नाव. चहाचा थर्मास इथे उघडा आणि समोरच्या डोंगरावर पांढरे ठिपके शोधा. ठिपका हलला तर मेंढी किंवा रानबकरी. नाही हलला तर बर्फ असेल, पण दहा मिनिटं दिल्याशिवाय निकाल देऊ नका.

स्युअर्डला दोन रात्री ठेवा, कारण इथे बोटीने जायचं आहे आणि हवा बिघडली तर दुसरा दिवस हातात हवा. केनाय फ्योर्ड्‌स हे राष्ट्रीय उद्यान १९८० मध्ये झालं, आणि गाडीने जाता येतो तो त्याचा एकच कोपरा, एक्झिट ग्लेशियर. बाकी सगळं पाण्यावरून. बंदराजवळ फिरवून आणणाऱ्या छोट्या सफरीवर पैसे घालू नका. सहा तासांची, आयॅलिक किंवा होलगेट हिमनदीपर्यंत जाणारी घ्या. माणशी दोनशे डॉलरच्या आसपास पडते, आणि या सगळ्या प्रवासात मी बिनतक्रार दिलेले पैसे हेच. मात्र रेझरेक्शन बे ही स्युअर्डची खाडी सोडून बोट उघड्या समुद्रात आली की चांगलीच हलते. गोळी बोटीत चढण्याआधी घ्यायची. पोट ढवळायला लागल्यावर तिचा उपयोग होत नाही.

बोट चिझवेल बेटांपाशी हळू होते. खडकांवर स्टेलर सी लायन, म्हणजे समुद्रसिंह, कड्यांवर पफिन. पफिनचं उडणं जरूर बघा. मासे खाऊन पोट जड झालेला पफिन पाण्यावरून उठू शकत नाही. पंख फडफडवत लाटांवर आपटत जातो आणि शेवटी कंटाळून बुडी मारतो. बंदरातच सी ऑटर, म्हणजे समुद्रातली पाणमांजरं, उताणे तरंगत असतात. कातड्यासाठी त्यांची इतकी शिकार झाली की १९११ च्या करारानंतर कुठे ते वाचले. आज ते मजेत पोटावर शिंपला फोडताना दिसतात, ते बघून फार बरं वाटतं.

स्युअर्डहून टर्न लेकला परत या आणि होमरच्या फाट्याला लागा. कूपर लँडिंग गाव ओलांडलं की रशियन नदी. धबधब्याची पायवाट एका बाजूने सव्वादोन मैलांच्या आसपास, जवळजवळ सपाट. गाडी लावायला पैसे पडतात. वर लाकडी सज्जा आहे, त्याखाली सॉकाय सॅमन डोहात थव्याने थांबलेले असतात, तोंडं प्रवाहाकडे, अंग जेमतेम हलतंय. मग एक सुटतो, उडी मारतो, खडकावर आपटतो, परत डोहात. पुन्हा तोच, किंवा दुसरा. समुद्रातून येताना चंदेरी असलेले हे मासे अंडी घालायच्या वेळेपर्यंत लालबुंद होतात, डोकं हिरवं. घड्याळ खिशात ठेवा.

माशांमागे अस्वलं असतात, हे विसरून ही वाट चालायची नाही. पहाट आणि तिन्हीसांजा त्यांच्या. तुम्ही दुपारी जा, तिघंचौघं मिळून, मोठ्याने बोलत. वळणावर अस्वलाला अचानक सामोरं जाणं हाच खरा धोका आहे, आणि आवाज आला तर तेच बहुधा बाजूला होतं. खांद्यावर उंचवटा दिसला तर ते तपकिरी अस्वल. बऱ्याच राष्ट्रीय उद्यानांत अस्वलापासून १०० यार्ड आणि इतर बहुतेक प्राण्यांपासून २५ यार्ड अंतराचा नियम आहे. मी तो सगळीकडेच पाळते. समोरासमोर आलातच तर पळू नका. शांतपणे बोलत, हात वर करून मागे सरका. मूसचं उलटं आहे. त्याने कान मागे टाकले, मानेवरचे केस उभे केले की ते अंगावर येणार. तेव्हा सरळ पळा आणि जाड झाडाआड जा. पिल्लाबरोबरची मादी असेल तर एवढी वेळही येऊ देऊ नका, लांबूनच वळा. आणि चिवड्याची उघडी पिशवी बाकावर ठेवून फोटो काढायला जाऊ नका. खाणं बंद गाडीत, काचा वर.

पुढे ५८ व्या मैलावर (या फाट्यावर मैलांचे आकडे चढत जातात) स्कीलॅक लेकचा खडीचा रस्ता फुटतो आणि ७५ व्या मैलाजवळ परत हायवेला मिळतो. मघाशी म्हटलं तो हाच. करारात परवानगी असेल तर संध्याकाळी इथून हळूहळू जा. इथलं केनाय अभयारण्य १९४१ मध्ये मूससाठीच राखलं गेलं. २०१९ च्या वणव्यात इकडचं बरंच जंगल जळलं, पण जळलेल्या जागी विलो आणि बर्चची कोवळी रोपं येतात आणि मूसला तीच हवी असतात. तेव्हा काळे पडलेले पट्टे बघून मान फिरवू नका, तिथेच शोधा.

होमरआधी अँकर पॉइंटला समुद्राकडे वळा. पुळणीवर मासळीच्या आशेने गरुड बसून असतात. आभाळ मोकळं असेल तर पलीकडे इलियाम्ना आणि रिडाउट ज्वालामुखी दिसतात. होमरची जमिनीची लांब जीभ कॅचेमॅक बेमध्ये साडेचार मैल घुसलीय. पाणथळीचे पक्षी बघायचे तर इथेही कोष्टकच कामाला येतं. ओहोटीला पक्षी दूर चिखलात पांगतात आणि दुर्बिणीतही मुंग्यांएवढे दिसतात. भरतीच्या आधी तासभर रस्त्याकडेला जाऊन उभे राहा, चढतं पाणी त्यांना आपसूक तुमच्याकडे आणतं.

होमरहून अँकरेज साडेचार-पाच तास. निघायची वेळ अशी धरा की टर्नअगेनला पाणी चढत असताना पोचाल. जाताना बेलुगा चुकले असतील तर ही दुसरी संधी. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखट फवारा, विमानात चालत नाही, ना हातातल्या पिशवीत, ना तपासणीला दिलेल्या बॅगेत. तो अँकरेजला पोचल्यावर घ्यावा लागतो आणि तिथेच सोडावा लागतो. आम्ही हॉटेलच्या काउंटरवर दिला. दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या एका कुटुंबाने तो तिथल्या तिथे मागून घेतला.