लिस्ट रिकामी आहे का?

सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेवर काम सुरू करून दोन आठवडे झाले होते. अंधेरीचं ऑफिस, कोड कुणाकुणाच्या हातून गेलेला, आणि त्यात जागोजागी तीच ओळ: लिस्ट नल (म्हणजे मुळात लिस्टच नाही) आहे का, नसेल तर तिचा काउंट शून्य आहे का. कंटाळून मी 'इझएम्प्टी' नावाची एक्स्टेंशन मेथड, म्हणजे तयार टाइपला बाहेरून जोडलेली मेथड, लिहिली.

लिहायला फार काही लागत नाही. स्टॅटिक क्लास, आत स्टॅटिक मेथड आणि पहिल्या पॅरामीटरच्या आधी 'धिस'. मग लिस्टच्या नावापुढे डॉट दिला की ती मेथड लिस्टची स्वतःचीच असल्यासारखी समोर येते. २००७ साली सी शार्प ३.० मध्ये ही सोय आली. लिंक (LINQ) म्हणजे डेटा गाळायच्या-निवडायच्या तयार मेथड्स; त्यातलं व्हेअर, सिलेक्ट सगळं या सोयीवरच उभं आहे. आतून तो साधा स्टॅटिक कॉल, त्यामुळे लिस्ट नल असली तरी मेथड बोलावता येते. मला हे पटलं नव्हतं, करून बघितलं तेव्हा पटलं.

माती खाल्ली ती पॅरामीटरमध्ये. कुठल्याही यादीला चालू दे म्हणून मी तो आयइन्युमरेबल, म्हणजे एकेक घटक देऊ शकणारं काहीही, असा ठेवला आणि आत काउंट मोजला. महिन्याभरात कुणीतरी ती मेथड एंटिटी फ्रेमवर्कच्या (सी शार्पमधून डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीच्या) क्वेरीवर लावली. टेस्टिंगला शे-दोनशे ओळी, काहीच जाणवलं नाही. खऱ्या डेटावर मात्र स्क्रीन फिरतच बसली. रिकामं आहे का एवढं बघायला अख्खं टेबल मेमरीत येत होतं, आणि पुढच्या फॉरईच लूपला तीच क्वेरी पुन्हा धावत होती. क्वेरी ही डेटा कसा आणायचा याची नुसती चिठ्ठी असते. जितक्यांदा उघडाल तितक्यांदा फेरी.

सीनियर मॅडम म्हणाल्या, "अरे, डबा रिकामा आहे का बघायला सगळ्यांना दादरला उतरवून मोजतोस का? एक माणूस दिसला की झालं ना!" ते काम लिंकमधलं 'एनी' करतं, पहिला घटक सापडला की थांबतं. क्वेरीवर तर थेट एनीच लिहा, म्हणजे हो-नाहीचं उत्तर डेटाबेसच देतो.

दुसरा फटका डॉटनेट ६ वर (सी शार्प ज्यावर चालते त्या प्लॅटफॉर्मच्या नव्या आवृत्तीवर) जाताना. आमची घरची 'डिस्टिंक्टबाय' मेथड होती, एखाद्या गोष्टीवरून डुप्लिकेट गाळणारी. २०२१ मध्ये त्याच नावाची मेथड लिंकमध्येच आली. दोन्ही मेथड्सच्या नेमस्पेस युझिंगमध्ये असलेल्या आणि ती मेथड वापरणाऱ्या प्रत्येक फाइलवर कंपायलर अडून बसला: यातली नेमकी कुठली? आमची पुसून टाकली. आता नवी मेथड लिहायच्या आधी मी लिंकची यादी चाळतो.

इझएम्प्टी अजून आहे. पॅरामीटर तेवढा आयकलेक्शन केलाय, म्हणजे स्वतःचा काउंट ठेवणारा प्रकार; क्वेरी त्यात बसत नाही, त्यामुळे क्वेरीवर लावायला गेलं की कोड कंपाइलच होत नाही.