विज्ञान आणि परलोक यांची सांगड घालणारे चित्रपट कसे पाहावेत

प्रयोगशाळा आणि परलोक एकाच कथेत आले, की बहुतेक प्रेक्षक ‘आत्मा खरोखर असतो का’ या प्रश्नात गुंततात आणि समोरचा चित्रपट हातचा निसटतो. त्या प्रश्नाचे उत्तर कोणताही चित्रपट देऊ शकत नाही. त्याऐवजी सुरुवातीपासून एकच गोष्ट पाहत राहावी: मरणापलीकडल्याचा पुरावा कोणाजवळ आहे? तो यंत्रात नोंदला गेला आहे, एकट्या पात्राच्या अनुभवात आहे, की पात्रांना न कळता केवळ प्रेक्षकाच्या हाती दिलेला आहे, यावर अशा कथेची सारी मांडणी उभी असते. पुढील विवेचनात कथानके थोडीफार उघड होतील. ती आधी कळल्याने या चित्रपटांचे फारसे बिघडत नाही, असे माझे मत आहे.

ही सांगड पटकथाकारांनी ओढूनताणून घातलेली नाही. १८४४ साली मोर्स यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार पाठवली आणि १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल येथे फॉक्स भगिनींच्या घरात ऐकू येणाऱ्या टकटकीतून मृतांशी बोलण्याची चळवळ सुरू झाली. नजरेआडच्या माणसाशी ठोक्यांच्या भाषेत बोलता येते, हे तारायंत्राने लोकांच्या आधीच अंगवळणी पाडलेले होते. रेडिओच्या पायाभरणीत वाटा असलेले भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी युद्धात मारल्या गेलेल्या आपल्या मुलाशी संवाद झाल्याचा दावा करणारे पुस्तक १९१६ साली प्रसिद्ध केले, तर मृतांना संपर्क साधता यावा असे उपकरण करून पाहण्याचा विचार एडिसन यांनी १९२० साली मुलाखतीत बोलून दाखवला. त्यामुळे पडद्यावर असे यंत्र दिसताच हसून सोडून न देता त्याचे नियम टिपून घ्यावेत.

नियम टिपायचे म्हणजे काय, हे १९८३ सालच्या डग्लस ट्रम्बल यांच्या ‘ब्रेनस्टॉर्म’मध्ये उत्तम कळते. त्यातील यंत्र एका माणसाचा अनुभव टेपवर नोंदवते आणि दुसऱ्याला तो जसाच्या तसा देते. रात्री प्रयोगशाळेत एकटी असताना संशोधिकेला हृदयविकाराचा झटका येतो. मदत मिळत नाही असे दिसताच ती डोक्यावर उपकरण चढवते आणि स्वतःचे मरण नोंदवते. नंतर तिचा सहकारी ती टेप लावतो, तेव्हा त्याचेही शरीर त्या झटक्याची नक्कल करू लागते, म्हणून त्याला हृदय आणि श्वसन यांचे संकेत तोडून मगच पुढे जावे लागते. येथे थांबून विचार करावा: मरणापलीकडले पाहायचे, पण मरायचे नाही, ही सवलत कथेने कशाच्या जोरावर मिळवली? या चित्रपटाने ती तांत्रिक कष्टाने मिळवली आहे. जेथे ती फुकट मिळते, तेथे पुढचा सारा साक्षात्कार पोकळ वाटतो, मग दृश्ये कितीही नेत्रदीपक असोत.

दुसरे लक्ष चित्राच्या रूपाकडे असावे, कारण दिग्दर्शक आपला कौल संवादांपेक्षा तेथे अधिक स्पष्टपणे देतो. ‘ब्रेनस्टॉर्म’मधील नेहमीचा भाग ३५ मिलिमीटर फिल्मवर आणि टेपमधले अनुभव ६५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित केलेले असल्याने चौकटीचा आकार मध्येच बदलतो. घरी पाहताना दूरचित्रवाणी संचातील चित्र ताणणारी किंवा झूम करणारी सोय बंद ठेवावी, नाही तर हा फरक दिसणारच नाही. पॉवेल आणि प्रेसबर्गर यांच्या १९४६ सालच्या ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’मध्ये पृथ्वी रंगीत आहे आणि परलोक कृष्णधवल, अपेक्षेच्या उलट केलेली ही योजनाच सांगते, की चित्रपटाचा जीव कोठे गुंतला आहे. त्यातील, मरायला हवा असताना वाचलेल्या वैमानिकाला परलोकीचा दूत येण्याआधी तळलेल्या कांद्याचा वास येतो आणि डॉक्टर त्या वासाकडे मेंदूच्या विकाराचे लक्षण म्हणून पाहतात. एकाच वासातून दोन्ही अर्थ निघू देणे ही मोठी कारागिरी आहे. अशी दुहेरी खूण कोणत्याही चित्रपटात सापडली, तर ती शेवटपर्यंत दुहेरी राहते का, हे तपासावे.

पुराव्याचा प्रश्न सर्वांत उघडपणे १९९७ सालच्या ‘काँटॅक्ट’मध्ये येतो. परग्रहवासीयांच्या संदेशावरून बांधलेल्या यंत्रातून नायिका प्रवासाला निघते आणि तिच्या मते ती पृथ्वीपासून सुमारे १८ तास दूर होती. बाहेरून पाहणाऱ्यांना ती बसलेला यंत्रातला गोलाकार कक्ष क्षणात खाली पडलेला दिसतो आणि तिच्या कॅमेऱ्यात केवळ खरखर आहे. ती खरखरही १८ तासांची आहे, हे मात्र दोन अधिकाऱ्यांच्या खासगी बोलण्यातच कळते. तेथे तिला भेटलेले मृत वडीलही खरोखर परत आलेले नसतात. भेट सुसह्य व्हावी म्हणून परग्रहवासीयाने ते रूप घेतलेले असते. दुसऱ्यांदा पाहताना अशा कथेत प्रत्येक पात्राला कोणत्या क्षणी किती ठाऊक आहे, याची कागदावर नोंद करावी.

२०१० सालच्या ‘नोसो लार’ या ब्राझीलियन चित्रपटाला मात्र ही कसोटी लावू नये. मृतात्म्यांच्या सांगण्यावरून लिहितो असे म्हणणाऱ्या शिकू शावियर यांच्या १९४४ सालच्या पुस्तकावर आधारलेल्या या कथेत परलोक म्हणजे रुग्णालये आणि मंत्रालये असलेले सुसज्ज नगर आहे. येथे कोणालाच काही सिद्ध करायचे नाही, म्हणून प्रश्न पुराव्याचा नसून व्यवस्थेचा ठरतो: या नगरात काम कोण करते, उपचार कोणावर होतो आणि वर जाण्याची अट काय?

अलीकडेच जिवलग माणूस गमावलेल्याला सोबत घेऊन हे चित्रपट पाहायचे असतील, तर विषय आधी सांगून त्याची संमती घ्यावी. क्रमाच्या दृष्टीने १९४६ चा चित्रपट आधी पाहावा आणि तारकोव्हस्की यांचा १९७२ सालचा ‘सोलारिस’ सर्वांत शेवटी, कारण त्यात यंत्र जवळजवळ काहीच सिद्ध करत नाही. नायकाची मृत पत्नी अंतराळस्थानकावर प्रकट होते, तो तिच्या पोशाखाची पाठीवरची नाडी सोडू पाहतो, पण पोशाख उघडतच नाही; शेवटी कापड कात्रीने कापावे लागते. हा पोशाख आठवणीतून घडलेला आहे, तो कधी कोणी शिवलेला नाही, हे त्या प्रसंगात कोणीही बोलून दाखवत नाही. पावणेतीन तासांचा हा चित्रपट मुळातच दोन भागांत विभागलेला आहे. एका बैठकीत जमत नसेल, तर पहिल्या भागाअखेर थांबून दुसरा भाग दुसऱ्या दिवशी पाहावा.