कानाच्या आत बसणारं मशीन: खाडीकाठच्या दमट हवेत ते कसं वापरावं, कसं जपावं

‘मशीन बिघडलं’ म्हणून कमी ऐकू येणाऱ्यांची जी कानाची मशीन (हिअरिंग एड) दुरुस्तीला येतात, त्यांतल्या पुष्कळशा मशीनमध्ये बिघडलेलं काहीच नसतं. मळाने जाळी बुजलेली असते, नाहीतर आत ओल शिरलेली असते. कानामागे अडकवायच्या नेहमीच्या मशीनमध्ये महागडे भाग कानाच्या बाहेर राहतात. आत बसणाऱ्या मशीनचं तसं नाही. माइक, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, सेल सगळं एका शेंगदाण्याएवढ्या कवचात, आणि स्पीकरचं तोंड थेट मळासमोर. त्यात ठाणे आणि नवी मुंबई खाडीच्या दोन्ही काठांवर वसलेली, म्हणजे दमट हवा बाराही महिने सोबतीला.

आधी मशीनची नीट ओळख करून घ्या. ते तळहातावर धरून उजेडात पाहा. लाल खूण किंवा लाल आकडे असतील तर ते उजव्या कानाचं, निळे असतील तर डाव्या. निमुळत्या टोकाला जे छिद्र किंवा पांढरी जाळी दिसते तो स्पीकर. आवाज तिथून कानात जातो. बाहेरच्या सपाट बाजूला सेलचं झाकण आणि त्याशेजारी टाचणीच्या टोकाएवढं माइकचं छिद्र. बहुतेक मशीनमध्ये आणखी एक बारीक बोगदा असतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार. तो व्हेंट, म्हणजे हवा खेळायची वाट. स्पीकरचं छिद्र आणि व्हेंट यांतला फरक डोळ्यांत पक्का बसवा, कारण सफाईची तार फक्त व्हेंटमध्ये घालायची असते. स्पीकरमध्ये घातली तर नाजूक पडदा फाटतो आणि स्पीकरच बदलावा लागतो. अगदी आत बसणाऱ्या छोट्या मशीनला काढण्यासाठी मच्छीमारी दोऱ्यासारखी पारदर्शक दोरी असते.

घालणं आणि काढणं

हात धुऊन कोरडे करा. पलंगावर किंवा टॉवेल पसरलेल्या टेबलापाशी बसा. बेसिनपाशी उभं राहून मशीन हाताळू नका. ओल्या फरशीवर पडलं तर कवचाला चीर जाते, आणि बेसिनच्या नळीत गेलं की ते गेलंच.

अंगठा आणि तर्जनीत मशीन धरा, सेलचं झाकण बाहेरच्या बाजूला, दोरी असेल तर ती खाली. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचं वरचं टोक थोडं वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची वाकडी नळी जरा सरळ होते. आता निमुळतं टोक आत सरकवा आणि हलकेच पुढे-मागे फिरवत बसवा. शेवटी दोन-तीन वेळा तोंड उघडून मिटा. जबडा हलला की मशीन आपल्या जागी बसतं. घालताना शिट्टी वाजली तर घाबरू नका, नीट बसल्यावर ती थांबते. काढताना दोरी धरून ओढा. दोरी नसेल तर कानामागच्या भागावर बोटाने दाबत मशीन सैल करा. सेलच्या झाकणात नख अडकवून मशीन ओढायची सवय फार वाईट, बिजागरी आधी तिथेच तुटते.

पहिल्या दिवशी घरातच एक-दोन तास घाला, टीव्ही बंद ठेवून, एका माणसाशी बोलत. मग रोज थोडा वेळ वाढवा. फ्रिजची घरघर, भांड्यांचा खणखणाट, प्लास्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज आधी अंगावर येतो, कारण मेंदूची ते आवाज बाजूला सारायची सवय मोडलेली असते. ती परत यायला काही आठवडे जातात. संध्याकाळी सहाच्या ठाणे स्टेशनवर मशीनची पहिली परीक्षा घेऊ नका. स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमत असेल आणि दोन आठवड्यांनीही तसाच राहिला, तर ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन जुळवणाऱ्या तज्ज्ञाला, सांगा. व्हेंट रुंद करून किंवा सेटिंग बदलून तो घुमार कमी करता येतो. दुखत असेल तर मात्र सहन करत बसू नका. कवच घासून बसतं करता येतं आणि ते लगेच करायला हवं.

सेल

सेलच्या पाकिटाचा आणि स्टिकरचा रंग जगभर ठरलेला आहे: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी. अगदी छोट्या मशीनला १०, मधल्या आकाराच्या मशीनला बहुधा ३१२, पूर्ण कानभर बसणाऱ्याला १३ लागतो. दिवसभर वापर असेल तर १० नंबर चार-पाच दिवस, ३१२ साधारण आठवडाभर आणि १३ दहा ते चौदा दिवस पुरतो. आवाज मोठा लागत असेल तर त्याहून लवकर संपतो.

हे सेल हवेतल्या ऑक्सिजनवर चालतात, म्हणून स्टिकर काढल्याबरोबर झाकण लावायचं नाही. स्टिकर काढा, छिद्रांची बाजू वर ठेवून सेल तीन ते पाच मिनिटं तसाच राहू द्या, मग मशीनमध्ये घाला. घाईने बंद केलेल्या सेलला पुरती हवा मिळत नाही, व्होल्टेज कमी राहतं आणि सेल लवकर संपल्यासारखा वाटतो. एकदा काढलेला स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही, तेव्हा दर वेळी एकच उघडा. झाकण जोर लावल्याशिवाय मिटत नसेल तर सेल उलटा बसलाय. अधिकची खूण असलेली सपाट बाजू झाकणावरच्या खुणेशी जुळवा.

सेल फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यावर पाणी धरतं. खिशात नाण्यांबरोबर सुटे टाकले तर शॉर्ट होतात. आणि औषधांच्या डबीपासून लांब ठेवा. हा सल्ला विनोदी वाटेल, पण वयस्कर माणसांनी गोळी समजून सेल गिळल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. घरात लहान मूल असेल तर जुना सेलही उघड्यावर टाकू नका. सेल गिळल्याची शंका आली तरी वाट न पाहता सरळ हॉस्पिटल गाठा.

चार्जिंगचं मशीन असेल तर यातलं बरंच टळतं. रात्री चार्जरमध्ये ठेवण्याआधी मशीन आणि चार्जरचे धातूचे ठिपके कोरड्या कापडाने पुसा, घामाचा थर बसला की चार्जिंग अर्धवट होतं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते विसरू नका.

मळ आणि जाळी

मोठी सफाई सकाळी करा. रात्री मळ ओला आणि चिकट असतो, ब्रश मारला की जाळीतच सारला जातो. सकाळपर्यंत तो वाळतो आणि झटकला की पडतो. रात्री मशीन काढल्यावर मऊ सुती कापडाने नुसतं पुसा. सकाळी स्पीकरचं तोंड जमिनीकडे धरून खालून ब्रश मारा, म्हणजे सुटलेला मळ बाहेर पडेल. माइकसाठी ब्रशचा स्वच्छ भाग वापरा, नाहीतर स्पीकरचा मळ माइकवर जातो. व्हेंटमध्ये बारीक नायलॉनची तार एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने बाहेर काढा. पाणी, स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन, ओले टिश्यू यांतलं काहीच नको. सेफ्टी पिन, उदबत्तीची काडी आणि टूथपिक तर मुळीच नको.

स्पीकरच्या तोंडाशी असलेली पांढरी जाळी, दुकानात जिला वॅक्स गार्ड किंवा फिल्टर म्हणतात, ती साफ करायची वस्तू नाही. ती बदलायची असते. डबीत छोट्या काड्या येतात. काडीच्या एका टोकाला रिकामा आकडा किंवा आटे असतात, दुसऱ्या टोकाला नवी जाळी. रिकामं टोक जुन्या जाळीत सरळ दाबा आणि तिरकं न करता बाहेर खेचा, जाळी काडीला लागून येते. मग काडी उलटी करा, नवी जाळी छिद्रात दाबून बसवा आणि काडी हलकेच बाजूला घ्या. जाळी कडेशी सपाट बसली ना, हे बोट फिरवून पाहा. उचललेली राहिली तर ती कानात निसटून पडू शकते.

बदलायची कधी? ज्यांना मळ जास्त येतो त्यांनी दोन आठवड्यांनी, इतरांनी महिन्याने. आणि आवाज मंदावला की लगेच. प्रत्येक कंपनीची जाळी वेगळी, म्हणून रिकामी डबी दाखवूनच नवी घ्या. ‘जाळी संपलीय, चार दिवस तसंच घालतो’ हे धोरण स्पीकर घालवतं.

मशीनने नळी बंद राहते, त्यामुळे आपोआप बाहेर येणारा मळ आत साचतो. इअरबड तो आणखी आत ढकलतो. दर तीन ते सहा महिन्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्या. लसणीचं कोमट तेल कानात घालण्याचा घरगुती उपाय बंद करा. कानाच्या पडद्याला छिद्र असेल तर ते घातक, आणि नसलं तरी तेल जाळीत जाऊन बसतं. डोक्याला तेल लावणं, पावडर, सेंट, केसांचा रंग हे सगळं आधी उरका. मशीन सर्वांत शेवटी घाला.

ओल

रात्रीचा नियम एकच: सेल काढा, झाकण उघडं ठेवा, मशीन कोरड्या करणाऱ्या डबीत ठेवा. डबीत सिलिका जेलचे मणी असतात. निळे मणी ओल शोषून गुलाबी होतात, नारिंगी हिरवे होतात. रंग पालटला की पाकिटावर लिहिल्याप्रमाणे तापवून घ्या किंवा बदला. सेल डबीत ठेवायचा नाही, तो सुकून निकामी होतो. जून ते सप्टेंबर विजेवर चालणारा ड्रायर बॉक्स असेल तर उत्तम. घोडबंदर रोडवर किंवा येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची कपाटंसुद्धा त्या दिवसांत बुरशी धरतात, मशीन तर कानातच बसलेलं.

एसीत तास न् तास बसून एकदम बाहेर पडलं, की गार मशीनवर दमट हवेतलं पाणी धरतं. ऐरोली किंवा बेलापूरच्या ऑफिसातून निघताना आवाज अचानक खरखरला तर बहुधा कारण हेच. दहा मिनिटं झाकण उघडं ठेवा.

मशीन घालून अंघोळ झाली किंवा पावसात चिंब भिजलं, तर ताबडतोब सेल काढून टाका. तो परत वापरू नका. मशीन झटका, कापडाने टिपा आणि पूर्ण २४ तास कोरड्या डबीत ठेवा. मधेच ‘चालतंय का बघू’ म्हणून सेल घालू नका, ओल्या सर्किटमधून वीज गेली की तांब्याच्या टोकांवर हिरवा गंज धरतो. केसांचा ड्रायर, मायक्रोवेव्ह, तवा आणि उन्हाची खिडकी कवच वाकडं करतात. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने फक्त पीठ आत जातं.

ओलीचा दुसरा बळी कान स्वतः. पावसाळ्यात कानात बुरशी होण्याचं प्रमाण वाढतं: खाज, दडा बसणं, वास, पाणी येणं. असं झालं तर मशीन काढून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. एरवीही अंघोळीनंतर कान पुसून दहा-पंधरा मिनिटं थांबा.

काय बिघडलंय ते ओळखताना

आवाजच नाही? नवा सेल घाला, उलटा नाही ना पाहा, मग जाळी बदला. एवढं करून मशीन तळहातात मिटून धरा. शिट्टी वाजली तर ते जिवंत आहे, अडचण तुमच्या कानातल्या मळाची असू शकते. आवाज येतो पण मंद, तर क्रम उलटा: आधी जाळी, मग माइकचं छिद्र, मग सेल. खरखर किंवा येऊन-जाऊन आवाज म्हणजे ओल, किंवा सेलच्या टोकांवरचा मळ. कोरड्या कापडाने ती टोकं पुसा.

शिट्टीचं थोडं वेगळं आहे. स्पीकरचा आवाज कुठून तरी निसटून माइकमध्ये परत शिरला की ती वाजते. नीट न बसलेलं मशीन, मळाचा बोळा, हेल्मेट किंवा मफलर कानाला टेकणं, फोन अगदी दाबून धरणं ही नेहमीची कारणं. फोन किंचित तिरका, थोडा दूर धरला की थांबते. पण जबडा हलवला की दर वेळी शिट्टी येत असेल, तर कवच सैल झालंय. वजन खूप कमी झालं किंवा दात काढले की कानाची नळीही बदलते. तेव्हा नवा साचा घेऊन कवच बदलून घ्यावं लागतं. शिट्टी थांबावी म्हणून आवाज कमी करत राहणं म्हणजे मशीन न घातल्यासारखंच.

एमआरआय, एक्स-रे किंवा सीटी स्कॅनच्या वेळी मशीन खोलीबाहेर ठेवा. घरात कुत्रा असेल तर उंचावर, बंद डबीत. मशीनला माणसाचा वास असतो आणि कुत्रे ते चघळतात. गणपतीत ढोल-ताशांच्या अगदी जवळ उभं राहायची वेळ आली तर नुसतं बंद करून कानात ठेवलेलं मशीन कान झाकत नाही, व्हेंटमधून आवाज आत जातो. लांब सरका, नाहीतर मशीन काढून इअरप्लग लावा.

तपासणी आणि सेटिंग आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडेच करा आणि वर्षातून एकदा श्रवणचाचणी करून त्याप्रमाणे मशीन जुळवून घ्या. सरकारी ठिकाण हवं असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था आहे. ठाण्याहून दादरला, वाशी-नेरुळहून वडाळा रोडला गाडी बदलून वांद्रे स्टेशन गाठता येतं. जाताना मशीन, त्याची डबी, जाळीची रिकामी डबी, जुना ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) आणि तुम्हाला नेमकं कुठे ऐकू येत नाही याची चिठ्ठी न्या: ‘स्वयंपाकघरातून हाक मारली की’, ‘बँकेच्या काचेपलीकडचं’. ‘नीट ऐकू येत नाही’ एवढ्यावर सेटिंग बदलता येत नाही, काचेपलीकडच्या कॅशियरवर मात्र बदलता येतं.