सॅम्पलिंग स्कोपवर आय सुंदर दिसतोय? आधी ट्रिगर तपासा

आय डायग्राम (सिग्नलचे सगळे बिट एकावर एक रचून दिसणारं डोळ्यासारखं चित्र) मिटलेला दिसला की सगळे कामाला लागतात. केबल बदला, बोर्ड बदला, डिझायनरला फोन लावा. आय स्वच्छ, उघडा दिसला की मात्र फोटो काढून रिपोर्टमध्ये. माझ्या मते खरा घोळ या दुसऱ्या प्रकारात होतो.

सॅम्पलिंग स्कोप एका ट्रिगरला (नमुना कधी घ्यायचा हे सांगणाऱ्या इशाऱ्याला) एकच नमुना घेतो आणि हजारो ट्रिगरांमधून चित्र जुळवतो. त्यामुळे ट्रिगर कुठून आला यावर सगळं ठरतं. एकदा आमच्याकडे 128 बिटांचा फिरता पॅटर्न आणि ट्रिगरला 16 ने भागलेला क्लॉक (दर 16 बिटांना एक ट्रिगर) होता. आय आरशासारखा! पण 128 ला 16 ने नि:शेष भाग जातो, म्हणजे ट्रिगर दरवेळी त्याच 8 जागांवर येत होता. बाकीचे 120 बिट स्क्रीनवर कधी आलेच नाहीत, आणि सगळ्यात वाईट बिट नेमके त्यांच्यातच होते. पॅटर्न बदलून 127 बिटांचा पीआरबीएस-7 (यादृच्छिक वाटणारा ठरावीक पॅटर्न) लावला आणि आय लगेच जाड झाला. 127 आणि 16 मध्ये सामाईक अवयव नाही, त्यामुळे सगळे बिट आळीपाळीने समोर येतात. भागलेला क्लॉक वापरायचाच असेल तर आधी हे गणित कागदावर करा.

क्लॉक रिकव्हरी (सिग्नलमधूनच क्लॉक काढून तो ट्रिगरला देणं) वापरत असाल तर तिच्या लूपची बँडविड्थ बघितल्याशिवाय जिटरचा, म्हणजे बिटांच्या कडा वेळेत मागेपुढे हलण्याचा, आकडा लिहू नका. लूप जितका रुंद, तितका सावकाश हलणारा जिटर तो स्वतःच पचवतो आणि तुम्हाला दिसत नाही. 10 गिगाबिट इथरनेटसाठी 4 मेगाहर्ट्झ ठरलेलं आहे; तिथे कुणी 10 ठेवून मोजलं तर आय फुकटात सुधारतो.

पीक-टु-पीक जिटर हा तर माझा नावडता आकडा. किती नमुने घेतले हे न सांगता तो निरर्थक आहे, कारण स्कोप चालू ठेवला की तो वाढतच जातो. आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) घ्या आणि त्यातून स्कोपचा स्वतःचा जिटर वर्गांनी वजा करा. मोजलेला 1.5 पिकोसेकंद, स्कोपचा 0.9, तर सिग्नलचा 1.2, 0.6 नव्हे. हे फक्त रँडम जिटरला लागू. 10^-12 एरर रेटला (10^12 बिटांत एक चूक) या आरएमएसच्या साधारण 14 पट जागा धरावी लागते. क्वचित येणारा ग्लिच शोधायला मात्र हे यंत्रच चुकीचं: सेकंदाला लाखभर नमुने घेतले तरी 10 गिगाबिटच्या प्रवाहात लाखात एक बिट दिसतो.

ॲव्हरेजिंग (नमुन्यांची सरासरी, जी नॉइज लपवते) चालू राहिलंय का, तेही बघा.

आता खरोखर बिघडलेला आय. डिफरन्शियल सिग्नलच्या दोन केबलींत 1 मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळपास 5 पिकोसेकंद. 10.3125 गिगाबिटला अख्खा बिट 97 पिकोसेकंदांचा, म्हणून डीस्क्यू (दोन केबलींतला वेळेचा फरक काढणं) आधी. स्कोप गरम होऊ द्या, मग कॅलिब्रेशन. सकाळी थंड लॅबमध्ये केलेलं दुपारी चालत नाही. 2.92 मिमीचा कनेक्टर टॉर्क पान्यानेच, साधारण 0.9 न्यूटन-मीटरला आवळा. फक्त नट फिरवायचा, केबल नाही.

आणि इनपुट. साध्या स्कोपच्या सवयीने इथे काहीही जोडू नका. बँडविड्थ मिळावी म्हणून सॅम्पलरच्या (नमुना घेणाऱ्या भागाच्या) आधी यंत्रात ना ॲम्प्लिफायर असतो, ना अटेन्युएटर (सिग्नल लहान करणारा भाग). दोन-तीन व्होल्टच्या पुढे सॅम्पलर टिकत नाही. हातात अँटिस्टॅटिक पट्टा हवाच. बराच वेळ टेबलावर पडलेली केबल थेट लावू नका. तिच्यात साठलेला चार्ज सॅम्पलर मारायला पुरेसा असतो. आधी 50 ओहमचा टर्मिनेटर लावून तो उतरवा, मग स्कोपच्या हेडला (सॅम्पलर असलेल्या भागाला) जोडा. सिग्नल किती मोठा आहे याची खात्री नसेल तर पहिल्या वेळी 20 डीबीचा अटेन्युएटर मध्ये घाला आणि डीसी असेल तर डीसी ब्लॉकही.