डब्ल्यूपीएसचं बटण दाबलं, दिवा लुकलुकला, तरी प्रिंटर जोडला जात नाही

जुन्या राउटरच्या मागे डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण वाय-फायला जोडण्याचं, एक बारीक बटण असतं. त्याच्यावर ‘डब्ल्यूपीएस/रीसेट’ असं दोन्ही छापलेलं असेल तर आधी हात मागे घ्या. एका बटणाला दोन कामं दिलेली आहेत, आणि कुठलं काम होणार हे फक्त बोट किती वेळ ठेवलं यावर ठरतं. एक-दोन सेकंद दाबून सोडलं की पेअरिंग, म्हणजे उपकरणाशी जोडणी, सुरू होतं. तेच बटण आठ-दहा सेकंद (काही मॉडेलांवर पाचच) धरून ठेवलं की राउटर कोरा होतो. वाय-फायचं नाव जातं, पासवर्ड जातो, आणि सगळ्यात महाग पडतं ते पीपीपीओईचं (केबलवाल्याकडून नेट मिळवायच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड जाणं. मग मोबाईलवर वाय-फायच्या रेघा पूर्ण दिसतात, नेट मात्र शून्य, आणि केबलवाल्याचा माणूस यावल-रावेरकडच्या एखाद्या गावात भर उन्हाचा यायला तयार नसतो.

म्हणून बटणाला हात लावण्याआधी पाच मिनिटं घालवा. राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत टाका आणि लॉगिन करा. ‘वॅन’ पानावरचं, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नेटच्या सेटिंगमधलं, युजरनेम लिहून घ्या. पासवर्डच्या जागी ठिपकेच दिसतात, तो केबलवाल्याला फोन करून आत्ताच विचारा. नेट चालू असताना विचारलं की तो लगेच सांगतो. ‘सिस्टिम टूल्स’मध्ये बॅकअपचा पर्याय असेल तर ती फाइलही उतरवून ठेवा. चुकून रीसेट झालाच तर याच फाइलवरून सगळं दोन मिनिटांत जागेवर येतं.

काही राउटरवर हेच बटण वाय-फाय चालू-बंद करण्याचंही काम करतं. बटण दाबल्यावर घरातल्या सगळ्या मोबाईलचं वाय-फाय एकदम गेलं तर घाबरू नका, तेच बटण तेवढाच वेळ पुन्हा दाबा. आणि टीपी-लिंकच्या जुन्या पेट्यांवर ‘डब्ल्यूपीएस’ शोधून सापडणार नाही. तिथे ‘क्यूएसएस’ लिहिलेलं असतं. काम तेच.

दोन मिनिटांचा खेळ

बटण दाबलं की राउटर १२० सेकंद दार उघडं ठेवतो. तेवढ्या वेळात दुसऱ्या उपकरणाचंही बटण दाबलं गेलं पाहिजे. त्यानंतर दोघांमध्ये आठ निरोपांची देवाणघेवाण होते आणि शेवटी राउटर पासवर्ड त्या उपकरणाच्या हवाली करतो. मधला एखादा निरोप हुकला, सिग्नल अशक्त निघाला किंवा वेळ संपली तर सगळं पहिल्यापासून.

ज्या उपकरणात ही सोयच नाही त्याच्यासाठी बटण दाबत बसण्यात अर्थ नाही. आयफोनमध्ये डब्ल्यूपीएस कधीच नव्हतं. गूगलने अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, ते बाजूला केलं. त्यामुळे ‘जुन्या फोनवर होत होतं, नव्यावर होत नाही’ ही तक्रार खरी असली तरी दोष राउटरचा नाही; फोनवर सरळ पासवर्ड टाका. बटणाचा खरा उपयोग उरला तो प्रिंटर, सिग्नल वाढवणारा एक्स्टेंडर, काही सेट-टॉप बॉक्स आणि विंडोजचा लॅपटॉप यांच्यासाठी.

पद्धत अशी. प्रिंटर राउटरपासून दोन-तीन मीटरवर, त्याच खोलीत आणा. धाब्याच्या घरात दोन-दोन फुटी मातीच्या भिंती असतात, त्यांच्यातून हा पहिला संवाद पार पडेल अशी अपेक्षा धरू नका. जोडणी झाली की प्रिंटर खुशाल जागेवर न्या. मध्ये पत्र्याचा कूलर उभा असेल तर तोही बाजूला घ्या. लोखंडी पत्रा आणि आतलं टाकीभर पाणी, दोन्ही सिग्नल खातात. लाइट नुकतीच आली असेल तर राउटरला उठायला दोन मिनिटं द्या. राउटर पूर्ण सुरू झाल्याशिवाय डब्ल्यूपीएस दाबलं तर ते बहुधा ऐकूच जात नाही.

आता राउटरचं बटण एक ते दोन सेकंद दाबून सोडा. दिवा सावकाश लुकलुकायला लागला पाहिजे. मग प्रिंटरचं वाय-फाय बटण तीन ते पाच सेकंद धरा, त्याचाही दिवा लुकलुकेपर्यंत. आणि मग हात बांधून बसा. इथेच बहुतेकांचं बिघडतं. अर्ध्या मिनिटात काही झालं नाही की माणूस पुन्हा बटण दाबतो, आणि काही राउटरवर दुसऱ्यांदा दाबणं म्हणजे चालू असलेलं पेअरिंग रद्द करणं.

दिवा काय बोलतो ते पाहा. टीपी-लिंकच्या जुन्या मॉडेलांवर सावकाश लुकलुक म्हणजे प्रयत्न चालू, स्थिर उजेड म्हणजे जमलं (तो पाच मिनिटं राहतो), भराभर लुकलुक म्हणजे फसलं. दिवा अजिबात बदललाच नाही, तर दोनच शक्यता: डब्ल्यूपीएस सेटिंगमध्ये बंद आहे, किंवा बटण मेलं आहे. दोन्हींचा निकाल एका युक्तीने लागतो. राउटरच्या पानावर डब्ल्यूपीएसमध्ये ‘ॲड डिव्हाइस’ किंवा ‘स्टार्ट पीबीसी’ (पीबीसी म्हणजे बटण दाबून जोडणं) असं बटण असतं, ते मोबाईलवरून दाबा. त्याने दिवा लुकलुकला तर आतलं यंत्र ठणठणीत आहे, बिघाड फक्त बाहेरच्या बटणात. खरं तर रीसेटच्या भीतीवरही हाच उपाय: बाहेरच्या बटणाला हातच लावू नका, पानावरून सुरू करा.

शेजारच्या दुकानाची आडकाठी

जून महिना, दाखल्यांची गर्दी, बसस्टँडसमोर एकाला एक लागून दोन झेरॉक्सची दुकानं, मध्ये एका विटेची भिंत. एका दुकानात नवा प्रिंटर जोडायचा आहे आणि शेजारी कुणीतरी आपला एक्स्टेंडर जोडतोय. दोन्ही राउटर एकाच वेळी दार उघडून बसले, तर प्रिंटरला दोन दारं दिसतात आणि तो कुठल्याच दारातून आत जात नाही. हा बिघाड नाही, शहाणपणा आहे. नाहीतर तुमचा प्रिंटर शेजाऱ्याच्या नेटवर गेला असता. एकाच राउटरच्या दारात दोन उपकरणं एकदम उभी राहिली तरी तेच: राउटर दोघांनाही परत पाठवतो. उपाय एवढाच, की सगळ्यांनी हात वर करायचे, पूर्ण दोन मिनिटं जाऊ द्यायची, आणि मग एकाच उपकरणाने प्रयत्न करायचा.

दोन बँडचा राउटर असेल तर याच दुखण्याचा घरगुती अवतार भेटतो. एक बटण २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ दोन्हींवर दार उघडतं. एखादं जुनं उपकरण त्यांना दोन वेगळे राउटर समजतं आणि माघार घेतं. ५ गिगाहर्ट्‌झ तात्पुरतं बंद करा, जोडणी करा, परत चालू करा. तसेही स्वस्तातले बरेच प्रिंटर २.४ वरच चालतात.

सेटिंगमधल्या अडचणी

सगळ्यात आधी सुरक्षेचा प्रकार पाहा. ‘डब्ल्यूपीए२-पीएसके’ आणि ‘एईएस’ हीच जोडी हवी. जुना ‘डब्ल्यूईपी’ किंवा नुसतं ‘टीकेआयपी’ ठेवलेलं असेल तर नंतरच्या नियमांप्रमाणे डब्ल्यूपीएस चालत नाही. उलट टोकाला, नव्या ‘डब्ल्यूपीए३’मध्येही या बटणाला जागा नाही. नवा राउटर आणून हौसेने डब्ल्यूपीए३ लावला आणि जुना प्रिंटर रुसला, तर कारण हेच.

वाय-फायचं नाव लपवलेलं असेल तर बऱ्याच राउटरवर डब्ल्यूपीएस आपोआप बंद पडतं. नाव दिसू द्या. मॅक फिल्टर (यादीतल्या उपकरणांनाच आत घेणारी सोय) लावलेला असेल तर पेअरिंग होतं आणि लगेच तुटतं, कारण नव्या उपकरणाचा पत्ता यादीत नसतो. चॅनल (वाय-फायच्या लहरींचा पट्टा) ‘ऑटो’वर असेल आणि राउटरने १२ किंवा १३ पकडला असेल, तर बाहेरदेशासाठी बनवलेल्या काही उपकरणांना तो दिसतच नाही, १, ६ किंवा ११ यांपैकी एक पक्का करा. गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर) जोडायचं असेल तर बटण विसरा, ते सहसा मुख्य नेटवर्कचाच पासवर्ड देतं.

एक अडचण मात्र भल्याभल्यांना फसवते. प्रिंटर नीट जोडला जातो, पण त्याच क्षणी घरातले बाकी सगळे मोबाईल वाय-फायवरून उडतात, आणि यादीत भलतंच नाव दिसायला लागतं. डब्ल्यूपीएसच्या पानावर ‘अनकॉन्फिगर्ड’ असं लिहिलेलं असतं तेव्हा काही राउटर पहिल्या पेअरिंगला स्वतःच नवं नाव आणि नवा पासवर्ड ठरवतात. रीसेट झालेलं नाही, नेटही शाबूत आहे. फक्त नाव-पासवर्ड पूर्ववत करून सेव्ह करा. पेअरिंगच्या आधी तिथे ‘कॉन्फिगर्ड’ आहे का किंवा ‘चालू सेटिंग तशीच ठेवा’ अशा खुणेचा चौकोन आहे का ते पाहिलं, की हा घोळ टळतो.

ऊन आणि अडॅप्टर

घरगुती राउटर साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात बाहेरच ४४-४५ अंश असतं. पत्र्याखाली, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेल्या राउटरचं काय होत असेल ते हात लावला की कळतं. दुपारी पेअरिंग फसतं आणि पहाटे जमतं, तर उत्तर तिथेच आहे. राउटर उभा, भिंतीपासून चार बोटं सुटा ठेवा, जाळीतली धूळ कोरड्या ब्रशने काढा. कूलरसमोर मात्र ठेवू नका, ओलसर वारा आतल्या जोडांना गंज चढवतो.

अडॅप्टर हातात घेऊन पाहा. जड लागला तर आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर आहे. घरात दाब १७० व्होल्टवर आला की त्याचं आउटपुटही त्याच प्रमाणात उतरतं. हलका, नव्या पद्धतीचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टमध्ये स्थिर राहतो. जुन्या हलक्या अडॅप्टरचंही कपॅसिटर (वीज साठवून दाब स्थिर ठेवणारा भाग) वाळतं. तेव्हा नुसता मोजला तर १२ व्होल्ट दाखवतो आणि राउटर लावला की खाली बसतो, म्हणून मीटर नेहमी राउटर चालू असताना लावा. झाकण उघडून आतल्या सर्किटच्या पाटीवर पॉवर सॉकेटचे दोन टाके (डाग दिलेल्या जागा) असतात, तिथे डीसी २० व्होल्टच्या रेंजवर मोजा. १२ च्या जागी ११ पेक्षा कमी आलं, किंवा वाय-फाय सुरू होताना काटा हेलकावत असेल, तर अडॅप्टर बदला. व्होल्ट तेवढेच हवेत, ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त, पिन त्याच मापाची, आणि पिनच्या आत प्लस की बाहेर प्लस हे चित्र दोन्हींवर जुळवून बघा. नवा घ्यायला जळगावात गोलाणी मार्केटला किंवा धुळ्यात आग्रा रोडला जाताना जुना अडॅप्टर खिशात ठेवा. ‘राउटरचा द्या’ म्हटलं तर ९ व्होल्टचाही हातात पडू शकतो.

बटणच मेलं असेल तर

आतमध्ये बहुतेक वेळा ६ बाय ६ मिलिमीटरचं चार पायांचं छोटं टॅक्ट स्विच असतं. अडॅप्टर काढा, रबरी पायांखालचे स्क्रू सोडवा, झाकणाच्या खटक्या जुन्या एटीएम कार्डाने उचला. स्विचचे पाय दोन-दोन आतून जोडलेले असतात, म्हणून मीटर बझरवर (जोडणी असली की वाजणाऱ्या रेंजवर) ठेवून तिरप्या कोपऱ्यातले दोन पाय धरा. दाबल्यावर आवाज आला पाहिजे, सोडल्यावर बंद झाला पाहिजे. अडखळत वाजत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून वीस-तीस वेळा दाबा. बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. न दाबताच वाजत असेल तर स्विच आत अडकून बसलं आहे, आणि राउटर अधूनमधून आपोआप कोरा का होत होता तेही इथेच कळतं. नवं स्विच काही रुपयांचं येतं, डाग देणाऱ्याला पाच मिनिटांचं काम. झाकण उघडलंच आहे तर कपॅसिटरांची डोकी बघून घ्या. एखादं फुगलेलं असेल तर नुसतं बटण बदलून उपयोग नाही.

जोडणी झाल्यावर

डब्ल्यूपीएसची दुसरी वाट म्हणजे स्टिकरवरचा आठ आकडी पिन, आणि तो कायमचा बंद करा. डिसेंबर २०११ मध्ये त्यातली चूक जगजाहीर झाली. आठवा आकडा फक्त पडताळणीचा, आणि राउटर पहिले चार व पुढचे तीन आकडे वेगवेगळे तपासतो. त्यामुळे एक कोटीऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडतो. काउंटरवर राउटर ठेवणाऱ्या दुकानदाराचा तर पिन स्टिकरवर गिऱ्हाइकाला दिसतच असतो. पिन बंद आणि बटण चालू असा पर्याय असेल तर तो घ्या. नसेल तर प्रिंटर जोडून झाल्यावर अख्खं डब्ल्यूपीएसच बंद करून टाका. आधी जोडलेली उपकरणं त्याने तुटत नाहीत.

तीन प्रयत्नांत जमलं नाही तर बटणाचा नाद सोडा. प्रिंटरला स्क्रीन असेल तर वाय-फाय सेटिंगमध्ये पासवर्ड हाताने टाका. स्क्रीन नसेल तर कंपनीचं सॉफ्टवेअर टाकून यूएसबी केबलने एकदा लॅपटॉपला जोडा. बऱ्याच प्रिंटरमध्ये वाय-फायचा पासवर्ड तिथूनच भरता येतो आणि मग केबल काढून टाकता येते. पासवर्ड टाकताना कॅपिटल-स्मॉल अक्षरं आणि शून्य-ओ नीट पाहा, बटणाला दोष देणाऱ्या बऱ्याच तक्रारींच्या आधी हीच चूक झालेली असते.